नाटकबोटीच्या कप्तानाचे वीस आकडे

मला वीस आकडे मोजून होईपर्यंत गप्प उभं राहायचं होतं. मी सातव्या आकड्याला बोललो.

चूक एवढीच. सांगायला गेलं तर एका दमात संपते आणि ऐकणारा म्हणतो, "बस्स? एवढंच?" म्हणून मी ती कुणाला सांगत नाही. पण हल्ली मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेलं की दुसरेच कुणीतरी तो किस्सा रंगवून सांगत असतात, आणि त्यांच्या किश्शात मी जिंकतो. ते ऐकून ऐकून दमलो. म्हटलं, आपणच एकदा लिहून टाकावं, म्हणजे निदान हरलो हे तरी नोंदलेलं राहील.

आम्ही नेदरलँड्समध्ये, आल्मेरेला राहतो. मी, बायको आणि मुलगी. पुण्याहून आलो तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती, आता चौदाची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्ये येतं, किंवा माझी दया आली तर इंग्रजीत. या लेखात ती जे काही बोलते त्याचं मराठी मी केलेलं आहे. तिच्या परवानगीशिवाय. म्हणजे दुसऱ्याच्या गोष्टीत आपली वाक्यं घालायची सवय अजून गेलेली नाही.

आमचं गाव समुद्राच्या तळावर वसलेलं आहे. मी अतिशयोक्ती करत नाहीये. इथं पाणी होतं, ते लोकांनी बांध घालून उपसलं आणि खालची जमीन वर आली. शेतकरी नांगरायला लागले तर जुन्या बुडालेल्या बोटी निघाल्या. आजही सायकलवरून जाताना बटाट्याच्या शेतात मधूनच एक खांब दिसतो, त्याच्यावर छोटीशी बोट. म्हणजे इथं खाली एक जहाज आहे. मुलगी दहा वर्षांची असताना अशा एका खांबापाशी सायकल थांबवून तिनं मला विचारलं, "या बोटीतली माणसं कुठे गेली?"

मी म्हणालो, "जेवायला."

तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि पॅडल मारलं. मी असाच आहे. कुणी काही विचारलं की मला आधी विनोद सुचतो. उत्तर मागाहून येतं, आणि तोवर विचारणारा निघून गेलेला असतो.

मग तिनं उत्तर स्वतःच शोधलं. त्याला चार वर्षं लागली. दर बुधवारी दुपारी तिच्या वर्गातल्या तीन मैत्रिणी आमच्या घरी यायच्या, जेवणाच्या टेबलावर फासे आणि कागद पसरायचे, आणि आमची मुलगी त्यांना तिच्या जगातून फिरवून आणायची. तो त्यांचा खेळ: गोष्ट ती सांगायची, त्यात पुढे काय होणार ते फासे ठरवायचे. त्या जगात पाणी परत आलेलं होतं. बांध फुटलेले, सूर्य उगवायचा बंद झालेला, चर्चचे कळस आणि पवनचक्क्यांची टोकं तेवढी काळ्या पाण्याच्या वर. माणसं पोटमाळ्यांवर अंधारात राहायची. आणि त्या अंधारातून एकच गोष्ट लखलखत यायची, ती म्हणजे नाटकबोट. रंगीत दिवे, वाजंत्री, जांभळा कोट घातलेला कप्तान. खेळ फुकट. वल्हवत या, बसा, बघा.

फक्त टाळी वाजवली की तुमच्याकडचं काहीतरी जायचं. पहिल्या टाळीला घराचा नंबर आठवेनासा व्हायचा. मग शाळेचा रस्ता. मग आपली आई कोणती ते. ज्याचं सगळं गेलं तो बोटीवरच राहायचा, दिवा होऊन. बोट म्हणून तर इतकी उजळलेली असायची.

"म्हणजे कप्तान लोकांना फसवतो?" मी एकदा भांडी लावता लावता विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "तो खरंच चांगलं काम करतो. मारत नाही, ओरडत नाही. लोक आपणहून टाळ्या वाजवतात."

"मग तो दुष्ट कसा?"

"त्याला पुरत नाही," ती म्हणाली.

एवढं बोलून ती फासे गोळा करायला गेली. मला वाटलं, छान आहे हे. कुणाबद्दल आहे, हा विचार डोक्यात आला नाही.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं समजायचं नाही. मी अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कचेरीत सॉफ्टवेअरचं काम करतो. रोज सकाळी सगळ्यांनी गोलात उभं राहून काल काय केलं ते सांगायचं असतं. अकरा वर्षं मी त्या गोलात उभा आहे आणि माझं ठरलेलं वाक्य आहे: कालचंच पुढे चालू. एकदा हिंमत करून डचमध्ये विनोद केला. सगळे थांबले. एका सहकाऱ्यानं काळजीनं विचारलं, "यात आम्ही तुला काही मदत करू शकतो का?" त्यानंतर मी त्या भाषेत गंभीर राहतो.

पण अ‍ॅमस्टरडॅमशेजारच्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या मराठी मंडळात मी वेगळा माणूस. तिथं दहा वर्षं गणपतीचं आणि दिवाळीचं सूत्रसंचालन माझ्याकडे. मी माइक हातात घेतला की लोक हसायच्या तयारीनंच बसतात. आठवडाभर साठवलेलं मी तिथं सोडतो. दमून जातो, पण ते दमणं निराळं.

तर गेल्या दिवाळीला मंडळाला मुलांचं नाटक हवं होतं. बैठकीत मी फुशारकीनं हात वर केला आणि घरी आल्यावर लक्षात आलं की आपल्याकडे गोष्टच नाही. गोष्ट जेवणाच्या टेबलावर पडलेली होती.

"नाही," मुलगी म्हणाली. "तू विनोदी करशील."

"नाही करणार."

"करशील."

"अगं, शब्द देतो."

ओट्यापाशी बायको कांदा चिरत होती. ती मागे वळलीसुद्धा नाही. "करेल तो," म्हणाली.

तीन दिवसांनी मुलीनं होकार दिला, पण अटी घालून. अटी कागदावर लिहून तो फ्रिजला लावला. दिवे विझवणारी मुलगी ती स्वतः होणार. कप्तान विनोद करणार नाही. आणि शेवट तिच्या खेळातलाच राहणार. तो शेवट असा: कप्तानाचा खेळ संपतो, तो वाकून टाळ्यांची वाट बघत उभा राहतो, आणि कुणीच टाळी वाजवत नाही. मुलगी एकेक दिवा विझवत जाते. वीस आकडे. विसाव्याला पूर्ण काळोख. कप्तान संपतो. तलवार नाही, मारामारी नाही. त्याला नुसतं कुणी काही देत नाही.

कागदाच्या तळाशी सहीसाठी रेघ होती. मी सही केली. या देशात वाढलेलं मूल आहे, तोंडी व्यवहार तिला चालत नाही.

"आणि माझ्या मैत्रिणी येणार आहेत," ती म्हणाली. "तिघी."

"त्यांना मराठी कुठे कळतंय?"

"शेवट कळेल. शेवटी कुणी बोलतच नाही."

हे तिनं मला अगदी नीट सांगितलं होतं. नंतर मला सबबच राहिली नाही.

नाटक बसवायला आम्हाला एक नागपूरचे गृहस्थ मिळाले. इथं प्रयोगशाळेत संशोधन करतात, तरुणपणी एकांकिका स्पर्धा गाजवलेल्या. कमी बोलतात आणि बोलले की कामाचं बोलतात, त्यामुळे मला त्यांची थोडी भीती वाटते. कप्तानाच्या कामाला त्यांनी एक उंच, हडकुळा माणूस निवडला होता. तालमी सुरू व्हायच्या आधीच त्याच्या कचेरीत काहीतरी कोसळलं आणि तो गळाला. मी लगेच म्हणालो, मी करतो.

"भाऊ, तू हसवणारा माणूस," दिग्दर्शक म्हणाले. "हा खलनायक आहे."

"करून बघतो ना."

"अ‍ॅडिशन घेशील."

"नाही घेणार."

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लेखकानं न लिहिलेलं वाक्य नटानं रंगमंचावर पदरचं घालायचं, याला आपल्याकडे अ‍ॅडिशन घेणं म्हणतात. हा गुन्हा आहे. हशा आला तर मात्र कला आहे. पुण्यात महाविद्यालयात असताना मला एका नाटकात नोकराचं दोन वाक्यांचं काम होतं, आणि शेवटच्या प्रयोगाला मी सतरा वाक्यं बोललो होतो. लोकांनी खांद्यावर घेतलं होतं. असल्या गोष्टी लहान वयात घडू नयेत.

तालमी दर शनिवारी दुपारी अ‍ॅमस्टेलव्हीनच्या एका हॉलमध्ये. आल्मेरेहून गाडी, मग ट्राम, मग वाऱ्यात दहा मिनिटं चालायचं. मुलगी खिडकीशी बसून आपली वाक्यं पाठ करायची. तिला अकरा वाक्यं होती, सगळी मराठी, रोमन लिपीत लिहून घेतलेली. त्या अकरा वाक्यांत जेवढं मराठी होतं तेवढं ती माझ्याशी अख्ख्या वर्षात बोलली नसेल. मी खिडकीच्या काचेत तिचे ओठ हलताना बघायचो. चूक असली तरी दुरुस्त करायचो नाही. तेवढी अक्कल मला होती.

तालमीत मला मात्र ती दुरुस्त करायची. "बाबा, लोकांकडे असं बघू नकोस."

"कसं?"

"मागितल्यासारखं."

आणि वीस आकडे? तालमीत ते अगदी चोख जमायचे. समोर रिकाम्या खुर्च्या होत्या. खुर्च्यांना हसवावंसं मला अजून वाटलेलं नाही.

प्रयोग रविवारी दुपारी तीनला. खिडक्यांना कचऱ्याच्या काळ्या पिशव्या चिकटवून अंधार केलेला, मागच्या स्वयंपाकघरातून चिवड्याच्या फोडणीचा वास, पुठ्ठ्याची बोट, तिच्या कठड्यावर बॅटरीचे नऊ कंदील. माझ्या अंगावर माझ्या लग्नातली शेरवानी, जांभळी रंगवून घेतलेली आणि पोटावर न मिटणारी, म्हणून पुढून उघडी. डोक्यावर थर्माकोलची टोपी. तिसरी घंटा झाली. पडद्याच्या फटीतून मी बघितलं. दोनेकशे माणसं. तिसऱ्या रांगेत त्या तीन डच मुली, कोट मांडीवर घेऊन, संग्रहालयात बसल्यासारख्या ताठ. त्यातली एक चकली खात होती आणि तिचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

नाटक चांगलं चाललं. खरंच चांगलं. मी हळू बोलत होतो, हात फिरवत नव्हतो. पुढच्या रांगेतलं एक पोर मला घाबरून रडायला लागलं, त्याला बाहेर नेलं. मुलीनं पहिलं वाक्य म्हटलं, हॉलमध्ये सगळीकडे पोचलं. विंगेत बायको उभी होती, तिनं डोळे पुसले आणि मी बघतोय म्हटल्यावर नाक पुसल्याचं दाखवलं.

पण चाळीस मिनिटं झाली आणि एक हशा नाही. हे कसं असतं ते सांगणं अवघड आहे. घसा कोरडा पडतो तसं काहीतरी. समोर आपलीच माणसं बसलीत, हसायला शिकवलेली, आणि आपण त्यांना उपाशी ठेवतोय. असं मला वाटत होतं. उपाशी नक्की कोण होतं ते सोडा.

शेवट आला. मी वाकलो. उभा राहिलो. मुलीनं पहिला कंदील विझवला. एक, दोन, तीन. दुसरा कंदील. चार, पाच. हॉल गार पडल्यासारखा झाला. सहा. आणि पाचव्या रांगेतून कुणाच्या तरी भारतातून आलेल्या आईचा आवाज आला, पूर्ण मोठ्यानं:

"लाइट गेली की काय गं?"

कुणीतरी खुदकन हसलं. आणि मला वाक्य सुचलं. सुचलं म्हणणं बरोबर नाही, ते तोंडात येऊन बसलेलंच होतं. मी कप्तानाच्या खर्जातल्या आवाजात म्हणालो:

"घाबरू नका आजी. इथं लाइट अशी जात नाही. जायची असली तर आधी पत्र येतं, हरकत घ्यायला सहा आठवडे देतात."

ज्यांना या देशातली सरकारी पत्रं येतात त्यांना समजेल. दोनशे माणसं एकदम फुटली. दहा वर्षांच्या सूत्रसंचालनात मला असा हशा मिळाला नव्हता. मग टाळ्या. कडकडून, थांबेनात. आणि मी काय केलं? हे लिहायला आजही हात मागे येतो. मी हशा ओसरेपर्यंत थांबलो आणि एक भुवई उडवली. म्हणजे परत टाळ्या.

मुलगी तिसऱ्या कंदिलाशी उभी होती, बटणावर बोट ठेवून. ती रडली नाही, आत पळून गेली नाही. तिनं क्षणभर विचार केला. मग विझवलेले कंदील तिनं परत लावले. पहिला, मग दुसरा. तिच्या जगाचा नियमच तसा होता. टाळ्या वाजल्या होत्या. कप्तान जिंकला होता. नऊच्या नऊ दिवे जळताहेत हे नीट बघून ती माझ्या शेजारून विंगेत निघून गेली.

लोकांना वाटलं, दिवाळी म्हणून दिवे लावले. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेतल्या तिघी फक्त वाजवत नव्हत्या. त्यांना शेवट कळला होता.

नंतर लोक येऊन पाठ थोपटत होते. "खलनायक असावा तर असा!" "सहा आठवडे! अहो, काय टायमिंग!" मी चिवड्याची बशी धरून उभा. दिग्दर्शक खुर्च्या एकात एक घालून रचत होते, कारण हॉल पाचला परत द्यायचा होता. मी त्यांना हात लावायला गेलो. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "भाऊ, ते वीस आकडे त्या पोरीचे होते." आणि पुढची खुर्ची उचलली.

गाडीत मुलगी मैत्रिणींबरोबर चार रांगा पुढे बसली. माझ्या मांडीवर थर्माकोलची टोपी, पिशवीत घातली तर मोडली असती. तिकीट तपासनीस आला, त्यानं टोपीकडे बघितलं. मला विनोद सुचला. मी तोही केला. तो हसला नाही. तिकीट बघून पुढे गेला. खिडकीबाहेर पाणी लागलं, मग पाणी संपून आमचा समुद्राचा तळ सुरू झाला, दिवे लागलेला, सगळा एका पातळीत. मी इतका दमलो होतो की स्टेशन आलं तरी उठावंसं वाटेना.

घरी आरडाओरडा झाला नाही. झाला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवरचा कागद माझ्या लॅपटॉपवर ठेवलेला होता. नुसता. सहीची बाजू वर.

"तू तरी काहीतरी बोल," मी बायकोला म्हणालो.

"तुला बोलण्यात काय अर्थ आहे? तुला बोललं की त्यावर तू काहीतरी बोलतोस."

संध्याकाळी मुलीच्या दारावर टकटक केली. दार चार बोटं उघडलं. मी म्हणालो, "चुकलो गं. खरंच चुकलो." ती ऐकत होती. तिथं थांबायचं होतं. पण शांतता पसरली, आणि शांतता पसरली की मला राहवत नाही. "हरकत नोंदवायची असेल तर सहा आठवडे..." दार बंद झालं.

बुधवारच्या दुपारी आमच्या टेबलावर फासे पडायचे बंद झाले. खेळ एका मैत्रिणीच्या घरी गेला. त्या जगात पुढे काय घडलं ते मला कळेना. चार वर्षं भांडी लावता लावता कानावर पडत होतं, मी ते ऐकतोय असं मला कधी वाटलं नव्हतं. आता बुधवारी घरून काम करताना घर इतकं गप्प असायचं की मी उगाच नळ सोडायचो.

डिसेंबरात कापेलहून फोन आला. रॉटरडॅमच्या बाजूचं ते गाव, तिथल्या मंडळाला संक्रांतीच्या कार्यक्रमाला आमचं नाटक हवं होतं. "व्हिडिओ बघितला हो सगळ्यांनी. ते सहा आठवडेवालं मात्र ठेवाच हं! त्याच्यासाठीच बोलावतोय." मी सांगतो म्हणालो.

मुलगी सोफ्यावर कानात इअरफोन घालून पडली होती. मी समोर उभा राहिलो. तिनं एका कानातला काढला.

"कापेलला नाटक मागितलंय. मी कप्तान करणार नाही. दिग्दर्शक करतील."

तिनं छताकडे बघून विचार केला. "नाही. तूच कर."

"मी? का?"

"काकांना टाळ्या नकोच असतात. ते नुसते उभे राहतील. तुला पाहिजे असतात. ते तोंडावर दिसतं." मग दुसरा इअरफोनही काढला. "पण परत बोललास तर मी तुला यापुढे काही सांगणार नाही. माझ्या गोष्टी वगैरे."

हे ती रागानं म्हणाली नाही. उद्या पाऊस आहे, असं सांगावं तसं म्हणाली. म्हणूनच मला ते खरं वाटलं.

मी सराव सुरू केला. हसू नका, पण सत्तेचाळीस वर्षांचा माणूस जेवताना गप्प बसण्याचा सराव करत होता. बायको घड्याळ धरायची. "मोज मनात. मी काहीतरी बोलते, तू उत्तर द्यायचं नाहीस." पहिल्या दिवशी सहा. आठवड्यानं अकरा. चौदाच्या वर जाईना. चौदाव्याला ती मुद्दाम माझ्या माहेरच्यांबद्दल, म्हणजे माझ्या पुण्याच्या नातेवाइकांबद्दल काहीतरी म्हणायची आणि मी कोसळायचो. ट्राममध्ये, लिफ्टमध्ये, दाढी करताना मी मोजत होतो. कचेरीतल्या सकाळच्या गोलात मात्र मी तीनशेपर्यंत सहज जायचो. तिथं कुणी माझ्याकडून कशाची अपेक्षाच करत नाही. सोपं असतं.

जानेवारीत कापेलला गेलो. कचेऱ्यांच्या उंच इमारतींमागे एक हॉल, दारात तिळगूळ, आत आमच्यापेक्षा जास्त माणसं. मैत्रिणी आल्या होत्या, पण दोघीच. तिसरीची हॉकीची मॅच होती. मला बघून त्यांनी मान हलवली, जशी तुरुंगाच्या पहारेकऱ्याला बघून हलवतात. दिग्दर्शक एवढंच म्हणाले, "दात एकमेकांवर ठेव, भाऊ. ओठ मग उघडले तरी चालतात."

शेवट आला. वाकलो. उभा राहिलो. पहिला कंदील विझला. चार, पाच, सहा. सात गेला. सात गेल्यावर मला वाटलं, जमलं. आणि नवव्याला मागच्या बाजूनं एका माणसानं, व्हिडिओ बघून आलेल्या, खुशीत हाक दिली:

"काय कप्तान, लाइट गेली का?"

सगळा हॉल खुसखुसला. मग थांबला. माझ्यासाठी थांबला. एवढी माणसं तोंड अर्धं उघडं ठेवून वाट बघत होती. आणि माझ्याकडे वाक्य होतं. जुनं नव्हे, नवं. त्याच्याहून कितीतरी सरस. ते मी इथंही लिहिणार नाही. या सगळ्या हकिकतीत माझा पराक्रम म्हणावा असा तेवढाच आहे.

दहा. अकरा. शेरवानीच्या आत घाम पाठीवरून खाली चालला होता. जीभ दातांवर ढकलत होती. मी लोकांकडे बघत होतो आणि आपण मागितल्यासारखं बघतोय हे मला स्वतःला कळत होतं, पण डोळे फिरवता येईनात. बारा. तेरा. चौदा. खुसखुस हळूहळू विरली. लोकांना कळेना की हसायचं की काय करायचं. पंधराच्या पुढे खोकलाही थांबला. कुठेतरी हीटर गुणगुणत होता. कंदिलाच्या बटणाचा आवाज येत होता, टक. मग थोड्या वेळानं, टक. मुलीनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. ती आपलं काम करत होती. अठरा. एकोणीस. शेवटचा कंदील माझ्या चेहऱ्याशेजारी होता. तिनं हात वर केला.

टक.

काळोखात कुणीही टाळी वाजवली नाही. कुणीच नाही. दिग्दर्शक पुन्हा दिवे लावायचे विसरले, की त्यांनी मुद्दाम लावले नाहीत, कोण जाणे. मग पुढच्या रांगांतून एक लांब श्वास सोडल्याचा आवाज आला, मला वाटतं त्या दोघींपैकी एकीचा. मग हॉलचे दिवे लागले आणि लोकांनी गोंधळून, इकडेतिकडे बघत, थोड्याशा टाळ्या वाजवल्या.

मुलगी उडी मारून खाली गेली आणि मैत्रिणींच्या गळ्यात पडली. तिघी डचमध्ये एकाच वेळी बोलत होत्या. मी बोटीच्या पुठ्ठ्यामागे खाली बसून राहिलो. माणूस गप्प राहून इतका दमतो हे मला ठाऊक नव्हतं.

तोंड धुऊन, स्वेटर घालून जेवणाच्या रांगेत उभा राहिलो तेव्हा मुलगी माझ्या पुढेच होती. हातात प्लेट, गालावर अजून काजळी रंगवलेली. तिनं मागे बघितलं. माझी प्लेट माझ्या हातातून घेतली आणि तिच्यावर स्वतःच मसालेभात वाढायला लागली. डाव भरून. मला एवढा भात लागत नाही, पण मी गप्प राहिलो. एका दिवसात दोनदा.

तेवढ्यात माझ्या मागच्या आजींनी माझ्या कोपराला हात लावला. सत्तरीच्या असतील, मुलाकडे आलेल्या. कोट आणि टोपी नसल्यानं त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

"नाटक बघितलंत ना हो?"

"बघितलं."

"ती दिव्याची पोर काय गोड काम करते! नजर हलत नव्हती माझी."

मुलीचा डाव भातात थांबला. ती वळून माझ्याकडे बघत होती. मी काय बोलतो ते बघत होती. मला तीन उत्तरं सुचली होती, तिन्ही चांगली.

"हो ना," मी म्हणालो.

"पण तो कप्तान!" आजींनी मान हलवली. "मेला शेवटी वाक्यच विसरला. नुसता बावळटासारखा उभा. पाठांतर होत नाही तर कामं घेतात कशाला ही माणसं?"